डाव्या पायाची नाल

गोपाळ त्या रात्री घरून निघाला तो फक्त एक चेन आणायला.

चेन म्हणजे शर्यतीच्या गाडीची. सरावात तुटली होती, दुसऱ्या दिवशी शर्यत होती, आणि सेलूचा दुकानदार फोनवर म्हणाला होता, "ये, शटर अर्धं उघडं ठेवतो." जेवण झालं, कानाला मफलर गुंडाळला, रोजच्या वापराची मोटरसायकल काढली आणि निघाला. मागच्या वर्षीची पौष अमावस्या. बुधवार.

इथवर मी आलो तसा बबलू म्हणाला, "आबा, तुमच्या गोष्टीत कायम अमावस्याच कशी हो? पौर्णिमेला भुतांना सुट्टी असती का?"

"असती की. पौर्णिमेला ती तुझ्यासारख्याच्या अंगात येतात. गप ऐक."

वैष्णवी हसली नाही. एरवी ती सगळ्यात आधी हसते.

आम्ही तिघं बसलो होतो झरीच्या खळ्याजवळ, पत्र्याच्या शेडात. खळं म्हणजे आमचं शर्यतीचं मैदान. मुरूम आणि काळी माती कालवून केलेला लांबट गोल रस्ता. त्यावर बिनब्रेकच्या मोटरसायकली चार फेऱ्या मारतात, कायम डावीकडंच वळत. मळणीचे बैल फिरावेत तशा, म्हणून खळं. एका वेळी चार गाड्या. दोन आपल्या, दोन समोरच्या गावाच्या. जुनी माणसं नाक मुरडतात. म्हणतात, सरळ फेरी देवाला, उलटी मसणाला. तुमी ही उलटी कशापायी घालायलाव? पण बघायला तीच माणसं पहिल्या रांगेत असतात.

जिल्ह्यातल्या गावांचे संघ. वर अ गट, खाली ब गट. दिवाळी सरली की सुरू होतं ते शिवरात्रीपर्यंत. आम्ही ब गटातले. ह्या साली सेलूला सेलूत हरवलं, चारठाण्याकडून मार खाल्ला, मानवतला पावसानं वाचवलं, आणि कसंबसं पहिल्या नंबरावर आलो. शेवटची शर्यत दुसऱ्या दिवशी आमच्याच खळ्यात होती. जिंकलं की वरचा गट.

संघाचा मी पिकअपवाला. गाड्या नेणं, आणणं, आणि पोरांना थापा मारणं, ही माझी कामं. बबलू आणि वैष्णवी ही आमची जोडी. सरावाची एक फेरी राहिली होती. वैष्णवीनं बबलूच्या पायात नाल बांधली, आणि लाइट गेली.

नाल म्हणजे डाव्या बुटाखालचा लोखंडी तळवा. वळणावर गाडी आडवी घालायची तर डावा पाय मातीवरून घसरत न्यावा लागतो. नुसता बूट एका दिवसात फाटेल. म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या पाट्याचा हा तळवा, वर चामड्याचा पट्टा, पट्ट्याला सहा भोकं. शर्यतीला सहावं भोक, एकदम घट्ट. पाचव्यात लावली तर चालताना कळतसुद्धा नाही. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला ती पायात खेळायला लागते.

नाल, जाड कपडे, गुडघ्याचे पॅड, एवढं सगळं अंगावर चढवल्यावर माणसाला वाकता येत नाही. म्हणून आमच्याकडं रिवाज आहे: जोडीदारानं जोडीदाराची नाल बांधायची. आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. जू ज्यानं घातलं त्यानंच उतरवावं, तसं.

"लाइट येईस्तोवर काढून ठेवतो बाबा," बबलू पायाकडं हात नेत म्हणाला. "जड लागायलीय."

"तू न्हाई. जिनं बांधली ती सोडील."

"राहू द्या की आबा," वैष्णवी म्हणाली. "येईल लाइट आत्ता."

बबलू माझ्यासमोर खाटेवर बसला, पाय लांब करून. वैष्णवी त्याच्या बाजूला, टायरवर. मी दाराशी, ऑइलच्या डब्यावर. मोबाइलची बॅटरी लावू दिली नाही मी. दुपारी वरच्या गटातल्या एका संघाचा माणूस येऊन चहा पिऊन गेला होता. ह्याच्याशी वेगळा बोलला, तिच्याशी वेगळा बोलला. मी पिकअपमध्ये बसलो होतो. आरशात मागचं बघायची मला सवय आहे.

म्हटलं, आज थाप नको. आज खरी सांगू.

"तुमच्या डोक्यावर खिळ्याला एक जुनी नाल टांगलीय. रोज बघताव. ती कुणाची, हे कधी इचारलंव का?"

"धोंडीबाची," बबलू म्हणाला. "मेला ना तो. तुमी हार घालताव दसऱ्याला."

"मग आता गोपाळची गोष्ट ऐक."

गोपाळ आणि धोंडीबा ही त्या अमावस्येच्या आदल्या सालची आमची जोडी. गोपाळच्या घरी रान, दारात ट्रॅक्टर. धोंडीबा धनगराचा. बाप लहानपणीच गेला, आई कासाबाई मेंढरं राखायची. मेंढरामागं पळून पळून त्या पोराला कशाचं भ्याव राहिलं नव्हतं. दोघं एका डब्यात जेवायचे. शर्यतीत धोंडीबा आतून पळायचा आणि गोपाळ बाहेरून त्याला आडोसा द्यायचा. जोडी म्हणजे तेच. आतल्यानं मागं वळून बघायचं नाही. मागं आपला माणूस आहे.

धोंडीबा गोपाळची नाल बांधायचा तेव्हा बक्कल लावून वर एक गाठ मारायचा. कोकराचा पाय बांधायची धनगरी गाठ. कितीही ओढा, सुटत नाही, आणि पायाला वळही उठत नाही. म्हणायचा, "बक्कल लोखंडाचं गड्या, त्याला काय माया? वर एक आपली गाठ असावी." गोपाळला ती गाठ कधी जमली नाही. मलासुद्धा नाही. शंभरदा दाखवली असेल त्यानं मला, बोटं गुंतून बसायची. त्यामुळं गोपाळ नुसतं बक्कल लावायचा. आणि धोंडीबा कधी खाली बघायचा नाही. पाय पुढं करायचा, आभाळाकडं बघत शिट्टी मारायचा.

त्या साली पण शेवटची शर्यत अशीच होती. जिंकलं की वर. आणि त्या साली पण वरून एक माणूस आला होता. गोपाळला बाजूला घेऊन म्हणाला, आमाला एक जण पाहिजे. एकच. उद्या जो पुढं राहील तो.

धोंडीबा पुढं राहणार हे शेंबडं पोरही सांगत होतं.

गोपाळनं बक्कल पाचव्या भोकात लावलं.

वैष्णवी हळूच म्हणाली, "पण… पाडायचं नसंल ना त्याच्या मनात?"

"न्हाई. नुसतं मागं ठेवायचं होतं. नाल सैल वाटली की माणूस वळणावर गाडी आवरती घेतो, दुसरा पुढं जातो. एवढंच. दगा देणारा माणूस 'एवढंच' लय वेळा म्हणतो बघ."

धोंडीबानं गाडी आवरती घेतली नाही. त्याला ठाऊकच नव्हतं ना; पाय त्यानं आपल्या माणसाच्या हातात दिला होता. तिसऱ्या फेरीला त्या चिंचेकडच्या वळणावर नाल निघाली. उघडा बूट मातीत रुतला. गाडी मागच्या चाकावर उभी राहिली, आणि त्याच्या अंगावर आली.

लाल झेंडा पडला. दुसऱ्या गावाचे दोघं, परके, ते थांबले. हेल्मेट फेकून धोंडीबाकडं पळाले. गोपाळ थांबला नाही. त्याच्या बाजूनं गेला, फेरी पुरी केली आणि एक हात वर करून आला. नंतर म्हणाला, झेंडा दिसला न्हाई.

पिकअपमध्ये घालून मीच नेला धोंडीबाला. मागं कासाबाई, तिच्या मांडीवर त्याचं डोकं. गोपाळ आला नाही. त्याचा फोटो काढायला लागले होते. अर्ध्या वाटेत धोंडीबा बोलला. मी ऐकलं, मागची काच उघडी होती. म्हणाला, "गोप्याला बोलवा… नाल सोड म्हणावं… पाय जड झालाय."

कासाबाईनं पायाकडं बघितलं. पायात नालच नव्हती.

दवाखाना यायच्या आत तो गेला.

नाल आम्ही लय शोधली. खळ्याची माती चाळून काढली. नाही सापडली. संघ हरला. गोपाळला वर घेतलं. मयतीला गोपाळ कासाबाईच्या गळ्यात पडून एवढा रडला, की तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "तुजा भाऊ गेला रं लेकरा," म्हणत होती.

"हरामखोर," बबलू म्हणाला.

"आता ती रात."

सेलूहून चेन घेतली. दुकानदारानं चहा पाजला. निघाला. झरीला येणारा तो आतला रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या, कुठं ज्वारी. थंडी अशी की बोटं दांड्याला चिकटावीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मागून आवाज आला. गाडीचा. सायलेन्सर नसलेल्या गाडीचा.

त्यानं आरशात बघितलं. उजेड नाही. कुणी बिनलाइटचा येतोय म्हणून बाजूला झाला. आवाज जवळ आला. डाव्या बाजूला आला. आतल्या बाजूला. पुढं गेला नाही. बरोबरीनं चालायला लागला.

बाजूला कुणी नव्हतं. नुसता आवाज.

गोपाळनं गाडी ताणली. पुढं एक बाभूळ गेली, वाकडी, शेंड्यावर फाटका पतंग अडकलेला. रस्ता डावीकडं वळला. पुन्हा डावीकडं वळला. थोड्या वेळानं… बाभूळ. वाकडी. शेंड्यावर पतंग.

"चकवा," बबलू म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता.

"चकवाच. पण चकवा माणसाला रानात फिरवतो रं. हा डांबरी रस्त्यावर फिरवायला लागला. सारखा डावीकडं."

गोपाळनं ब्रेक दाबला. पाय खाली गेला. तिथं काही नव्हतंच. हाताचा दाबला. नुसती तार.

बाभूळ. पतंग.

अंगाखालची गाडी त्याच्या ओळखीची राहिली नव्हती. मातीचा वास यायला लागला. पाणी मारलेल्या मातीचा. शर्यतीआधी मारतो ना आपण, तसा.

मग पुढं उजेडात एक पाय दिसला.

रस्त्याच्या कडेला कुणीतरी बसलं होतं. डावा पाय पुढं केलेला. तोंड वर, आभाळाकडं. शिट्टी…

गोपाळ बाजूनं गेला.

थांबला नाही. त्याला थांबता येत नव्हतं, का थांबायचं नव्हतं, हे त्यालाही सांगता आलं नाही.

पुन्हा बाभूळ. पुन्हा पाय.

"गोप्या… नाल सोड."

पुन्हा बाजूनं गेला.

तिसऱ्या खेपेला गाडी आपोआप बंद पडली. बरोबर त्याच्यापाशी. आजूबाजूला किडासुद्धा वाजत नव्हता.

"गोप्या. किती घट्ट बांधली होतीस रं?"

बघा पोरांनो. तिथं सांगायला जागा होती. अमावस्येच्या रात्री रानात कोण ऐकत होतं? मेलेला दोस्त आणि आपण. एवढं म्हणाला असता, की चुकलं गड्या, पाचव्यात लावली… पण जीभ वळली नाही. तो म्हणाला,

"घट्ट. रोजच्यासारखी."

…



मग तो आवाज म्हणाला, रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाला,

"बरं. मग तुजा पाय दे. तुजी मी बांधतो. रोजच्यासारखी."

आणि गोपाळच्या घोट्याला हात लागले. गार.

मी थांबलो. दूर कुठंतरी कुत्रं केकाटलं. बबलूनं खाटेवरचा पाय किंचित मागं घेतल्याचा आवाज आला, लोखंड खाटेवर घासल्याचा.

"मंग?" बबलूनं विचारलं.

पहाटे गोपाळचा मला फोन. "आबा, पिकअप घेऊन या. लगेच या. कुणाला सांगू नका." गेलो. खळ्याच्या कडेला, चिंचेपाशी बसला होता. गाडी बाजूला नीट लावलेली, चेन पिशवीत. आणि डाव्या पायात नाल.

धोंडीबाची नाल. वर्षभर न सापडलेली. पट्टा सहाव्या भोकात. बक्कलावर ती गाठ. आणि सगळ्याला ओली माती. पौषात, पाऊस नाही, आठवडाभर खळ्याला पाण्याचा थेंब नाही, आणि माती ओली.

रात्रभर सोडायला बघत होता. नखं निघाली होती. मी हात लावला तर गाठ माझ्याच्यानंही सुटेना. तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं ते.

म्हटलं, ही गाठ सोडणारं एकच माणूस आहे.

कासाबाई मेंढवाड्यात होती. गोपाळ पाय फरफटत गेला तिच्यापुढं, बसला. तिनं नाल बघितली. गाठीवरून बोट फिरवलं. लय वेळ फिरवलं.

"ही माज्या लेकराची गाठ हाय," ती म्हणाली. "तुज्या पायात कशी?"

तो मातीकडं बघत राहिला.

"सांग. मेंढरंसुद्धा वाडग्याबाहेर गेली तर कुठून गेली ते मला सांगतात. तू तर माणूस हायस."

तेव्हा सांगितलं त्यानं. पाचवं भोक. दिसलेला झेंडा. सगळं. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "पडला म्हणून मी दैवाला शिव्या दिल्या वर्षभर. तू माज्याच गळ्यात पडून रडलास. मी तुला पाठीवर हात फिरवला रं."

मग लोकर कातरायची कातर आणली आणि पट्टा बाजूनं कापला. गाठीला हात लावला नाही.

मी म्हटलं, "कासाबाई, सोडायची तरी. तुमाला येती."

"मला येती. पण बांधली कुणी? त्यानं. सोडील तर त्यो सोडील." नाल माझ्या हातात दिली. "शेडात टांगा. पोरांच्या नजरंसमोर राहू द्या."

गोपाळनं गाडी विकली नाही, तशीच टाकली, गाव सोडलं. कुठं आहे, ठाऊक नाही. म्हणतात डावा पाय ओढत चालतो. पायाला काही झालेलं नाही म्हणे.

"झाली गोष्ट," मी म्हणालो.

भपकन लाइट आली. हॅलोजन आधी पिवळे, मग पांढरे. तिघांनीही डोळे चोळले. बबलूनं पहिलं वर बघितलं. खिळ्याला नाल होती, कापलेला पट्टा लोंबत होता, बक्कलावर वाळलेली गाठ. सगळं जिथल्या तिथं. तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

"आबा, एक नंबर!" तो हसायला लागला. "दरवेळी म्हशीची गोष्ट सांगताव, आज लय मेहनत घेतली राव तुमी. चल वैशे, फेरी मारून घेऊ. नाही तर सोड ही नाल, पाय बधिर झालाय."

वैष्णवी त्याच्या पायाशी वाकली.

आणि तशीच राहिली.

"काय झालं गं?"

मी डब्यावरून उठलो, जवळ गेलो.

बबलूच्या बक्कलावर गाठ होती.

मी वर बघितलं, खाली बघितलं. तीच. तीच घडी, तोच पीळ, टोक तसंच आत खोचलेलं.

"आबा," बबलू म्हणाला, "मस्करी बास. तुमीच ना?"

मी दाराशी होतो. तो समोर होता. आणि मी थापाड्या असेन, पण ती गाठ मला येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"वैष्णवी," मी म्हणालो, "तू मारली का ही?"

तिनं मान हलवली.

"न्हाई आबा. मी नुसतं बक्कल… मी तर पाचव्या…"

ती तिथंच थांबली.

बबलू तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू जायचं विसरून गेलं होतं.

मी खाली वाकलो. पट्टा सहाव्या भोकात होता. गाठीला बोट लावलं.

माती ओली होती.